जेटी, गोदाम, पूल: एका खाडीतल्या खांबांच्या दुरुस्तीच्या नोंदी

29 नोव्हेंबर 2023

काम हाती आलं. रायगडच्या दक्षिण टोकाची खाडी. गावाचं नाव लिहीत नाही, बिलं निघायची आहेत. एकाच निविदेत तीन बांधकामं आहेत: खाडीच्या मुखाशी काँक्रीटच्या पाइलवर (तळात खोल रोवलेल्या खांबांवर) उभी जेटी, तिच्या मागचं जांभ्या दगडाचं जुनं जकात गोदाम आणि वरच्या अंगाला दगडी कमानींचा पूल. सल्लागार म्हणून तिन्हींची पाहणी, दुरुस्तीचा आराखडा आणि देखरेख आमच्याकडे.

निविदेची यादी वाचली. जेटीवर नव्या फरशा, स्टीलचं रेलिंग, दिवे, बसायला बाक, नावाची कमान. गोदामाला आतून-बाहेरून रंग. पुलाला कठडे आणि डांबर. खांबांसाठी सगळ्या यादीत एकच ओळ आहे, 'आवश्यकतेनुसार डागडुजी'. ही ओळ मोठी करून घेणं आणि बाकांची ओळ बारीक करणं, हे पहिलं काम.

5 डिसेंबर

होडीतून जेटीखाली गेलो. कार्तिक वद्य अष्टमी. होडी चालवणाऱ्या तांडेल काकांनी निघतानाच सांगितलं होतं, "आज काय दिसायचं नाय मॅडम, भांगाचं पाणी हाय." तसंच झालं. भांगाला भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. पाइलचा जो भाग बघायचा तो पाण्याखालीच राहिला.

हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला साधारण बारा. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत खाली असतं ते पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, अर्धवट अंधारात. सोयीचे दिवस द्वितीया ते चतुर्थी: पाणी अजून भरपूर खाली जातं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. कंत्राटदाराचं वेळापत्रक सोमवार ते शनिवार असं आखलेलं होतं. ते परत पाठवलं आणि सोबत पंचांगाची पानं जोडली.

15 डिसेंबर

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया. आज दिसलं.

पाइलच्या अंगावर तीन पट्टे सरळ वाचता येतात. तळाशी, जे कायम पाण्यात असतं तिथे, कालवं आणि शेवाळ. खरवडून बघितलं तर आतलं काँक्रीट टणक, कडा शाबूत. माथ्याशी डेकखाली थोडा रंग उडालेला, बाकी ठीक. मधला, भरती-ओहोटीचं पाणी रोज दोनदा चढतं-उतरतं तो पट्टा मात्र भयंकर. उभ्या भेगा, तांबूस ओघळ, काही पाइलना कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) सुटून सळ्या उघड्या पडलेल्या. कडेच्या एका पाइलची रिंग (उभ्या सळ्यांना वेढणारी सळी) हाताने दाबली तर तुटली.

रिबाउंड हॅमरचे (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटचा टणकपणा मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे मात्र चांगले आले. कंत्राटदाराचा पर्यवेक्षक खूश: "बघा, काँक्रीट मजबूत आहे." मजबूत आहेच. जेटी काँक्रीट चुरडून पडणार नाही, आतलं लोखंड संपून पडेल, आणि हॅमरला लोखंड कळत नाही. म्हणून हातोडीने ठोकत गेलो. जिथे 'खण्ण' तिथे पुढे सरकायचं, जिथे 'भद' तिथे खडूने घेरा मारायचा. घेरे जवळजवळ सगळे मधल्या पट्ट्यात पडले. मग ताम्र-सल्फेट इलेक्ट्रोड लावून सळ्यांचा विद्युतदाब मोजला. उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला की गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर धरतात. मधला पट्टा त्याच्या बराच पलीकडे, माथा उणे 200 च्या अलीकडे. तळाचे आकडेही खूप उणे आले, पण त्याने घाबरायचं नाही. पाण्यात बुडालेल्या काँक्रीटला प्राणवायू फारसा मिळत नाही, त्यामुळे तिथे आकडा वाईट दिसतो आणि गंज तरीही सावकाश चालतो.

हे आय. एस. 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकातही स्पष्ट आहे, फक्त कोणी त्या तक्त्याकडे तसं बघत नाही. समुद्राच्या पाण्यात पूर्ण बुडालेलं काँक्रीट 'तीव्र' वर्गात, कव्हर 45 मिलिमीटर, दर्जा एम 30 (आकडा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत). खारे तुषार उडणारं 'अति तीव्र', 50 मिलिमीटर, एम 35. आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं सर्वांत वरच्या, टोकाच्या वर्गात: 75 मिलिमीटर आणि एम 40. पाण्यात कायम बुडून राहण्यापेक्षा भिजणं-वाळणं वाईट. पाणी उतरलं की पृष्ठभाग वाळतो, मीठ मागे राहतं. पुढच्या भरतीला आणखी मीठ आत शिरतं. क्लोराइड सळीपर्यंत पोचलं की तिच्यावरचं संरक्षक आवरण फुटतं. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, आतून दाब देतो आणि काँक्रीट फुटतं. त्या भेगेतून मीठ आणखी सहज जातं.

कव्हरमीटरने या जेटीचं कव्हर मोजलं तर बऱ्याच ठिकाणी 40 च्या आत. बांधली तेव्हा ते चालत असेल.

16 डिसेंबर

मागच्या दुरुस्तीच्या खुणा सापडल्या. फुटलेल्या जागी सिमेंटचा गिलावा थापलेला, आणि बरोबर त्या ठिगळाच्या कडेला नवीन भेग. हे नेहमीचं दुखणं आहे. ठिगळाखालची सळी सुरक्षित होते, पण शेजारच्या खारवलेल्या काँक्रीटमधली सळी त्यामुळे जास्त जोरात गंजते. आराखड्यात लिहिलं: ठिगळं नकोत. संपूर्ण पट्ट्याला वेढणारं जॅकेट, म्हणजे नव्या काँक्रीटचं कवच, आणि सळ्यांना जस्ताचे त्यागी ॲनोड बांधायचे, म्हणजे गंजायचं ते जस्त गंजेल.

29 डिसेंबर

गोदाम. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि पिवळा रंग. दोन-दोन दारांच्या मधे चिऱ्याचे जाड खांब आणि त्यांवर कमानी. गिलावा कमरेपर्यंत फुगलेला. हातोडीने पाडला तर मागचा चिरा हाताने भुगा व्हावा इतका मऊ, आणि कमरेच्या वर तोच चिरा धडधाकट.

जेटीसारखंच दुखणं, फक्त इथे भरती-ओहोटी जमिनीतून चालते. ओल पायातून वर चढते, येताना क्षार आणते आणि जिथून वाळते तिथे क्षारांचे स्फटिक धरून दगड आतून फोडते. चुन्याचा गिलावा असता तर ओल त्यातून बाहेर पडली असती आणि स्फटिकांनी गिलावा खाल्ला असता. दर काही वर्षांनी नवा केला की झालं. सिमेंटने ओल कोंडली आणि मार दगडावर गेला. गावातल्या एका आजोबांना विचारलं, पूर्वी चुना कसा करायचे. त्यांनी घाणीची जागा दाखवली. गूळ आणि हिरडा घातलेलं पाणी, बैलाने फिरवलेली घाणी. आज घाणी नाही, पण भिजवलेला चुना मिळतो. रंगाची ओळ काढून चुन्याच्या गिलाव्याची घातली.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. टोकाचा खांब बाहेरच्या बाजूला कललाय. मधल्या खांबाला दोन्ही बाजूंच्या कमानी ढकलतात, त्यांची झुंज बरोबरीत सुटते. टोकाच्या खांबाला एकीकडूनच रेटा. म्हणून तो मुळात जास्त जाड बांधलेला आहे, पण बाजूने रस्ता काढताना कोणीतरी त्याचा पुस्ता (बाहेरून टेकलेला बांधीव आधार) पाडलाय. आधी कमानीखाली टेकू, मग मऊ चिरे एकेक करून बदलायचे, मग पुस्ता परत. हा क्रम उलटा केला तर कमान खाली येईल. मुकादमाला दोनदा सांगितलं, त्याने ते भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं.

12 जानेवारी 2024

आज अटल सेतूचं उद्घाटन. शिवडी ते न्हावा-शेवा 21.8 किलोमीटर, त्यातले 16.5 समुद्रावर. साइटवर सगळे मोबाइलवर बघत होते. कोणीतरी विचारलं, सर्वांत उंच खांब किती? हाच प्रश्न रत्नागिरीजवळच्या पानवल नदीच्या रेल्वेपुलाबद्दलही विचारतात, तिथे सर्वांत उंच खांब 64 मीटरचा आहे. पाणी वाहतं तिथे मला आधी खोली विचाराविशी वाटते, कारण तिथला पूल उंचीने नाही, पायाने जातो.

आमचा पूल बुटका आहे. जुन्या लोकांनी दोन गोष्टी नीट केल्या आहेत. खांबांना दोन्ही बाजूंना टोकदार नाकं दिली आहेत. नदीवर एकाच बाजूला दिलं तरी भागतं, पण खाडीत भरतीचं पाणी उलटं चढतं, त्यामुळे दोन्हीकडे हवं. आणि दर काही गाळ्यांनंतर एक खांब मुद्दाम जाड बांधलाय. कमानींच्या पुलात एक खांब गेला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी जातात, त्यांचा रेटा गेला की पुढचे खांब, असं पत्त्यांच्या घरासारखं सगळं कोसळू शकतं. जाड खांब ते तिथे थांबवतो.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसट्यांसह गाड्या अंधारात नदीत गेल्या. तेव्हापासून या भागात प्रत्येक जुन्या पुलाची पाहणी होते. पण होते ती बहुतेक हिवाळ्यात, वरून चालत. कठड्याच्या भेगा मोजल्या जातात, दगडांत उगवलेले पिंपळ काढले जातात. खांबाच्या पायाशी काय चाललंय ते हिवाळ्यात दिसतच नाही. पुराचं पाणी खांबाला आपटतं, तोंडाशी खाली वळतं, पायाशी भोवरा धरतं आणि वाळू खणून नेतं. हा खड्डा सर्वांत खोल असतो तो पुराच्या ऐन जोरात. पूर उतरला की तोच प्रवाह आणलेली वाळू त्यात टाकून खड्डा बुजवतो. डिसेंबरात बघणाऱ्याला तळ सपाट दिसतो.

म्हणून आज ओहोटीला लोखंडी कांब घेऊन प्रत्येक खांबाभोवती टोचत फिरलो. जुना घट्ट तळ असेल तिथे कांब अडते, नव्याने भरलेल्या वाळूत ती नुसत्या हाताच्या जोराने जाते. दोन मधल्या खांबांच्या पायाशी कांब जवळजवळ सगळी आत गेली. म्हणजे गेल्या काही पावसाळ्यांत पाणी तिथपर्यंत खणून गेलं होतं. हे दोन खांब त्या वेळी किती थोड्या मातीत उभे होते, ते आकडा काढायच्या आधीच कळलं.

17 जानेवारी

हिशोब. लेसीचं सूत्र वापरलं. गेराल्ड लेसीने 1930 च्या सुमारास कालव्यांच्या मोजणीवरून मांडलेलं, आजही आपल्या पुलांच्या नियमांत तेच आहे. पुराचा विसर्ग आणि तळाच्या वाळूचा जाडेपणा घालून सरासरी खरवड (पाणी तळ किती खोल खणेल ते) काढायची आणि पुराच्या पातळीपासून खाली मोजायची. खांबाजवळ तिच्या दुप्पट धरायची, काठच्या आधारभिंतीशी 1.27 पट. पाया त्याहीपेक्षा खोल हवा. आमचे दोन खांब त्यात बसत नाहीत. सूत्र वाळूच्या नद्यांसाठी आहे, खाडीतल्या चिखलाला ते जरा कडक पडतं, हे मान्य. पण कांबेने दाखवलेली खोली आणि सूत्राची खोली एकमेकींजवळ आल्यावर मी सूत्राशी भांडत बसत नाही.

या बाबतीत मुंबई-बडोदा रेल्वेच्या पहिल्या पिढीच्या पुलांची आठवण होते. बीडाचे (ओतीव लोखंडाचे), टोकाला स्क्रूसारखं पातं असलेले पाइल फिरवून खाडीच्या चिखलात घालत. चिखलात ते झकास बसले. नर्मदेच्या पुराने मात्र भरुचजवळचा पूल पुन्हा पुन्हा मोडला, आणि शेवटी 1881 मध्ये नवा, गोल्डन ब्रिज म्हणून ओळखला जाणारा पूल झाला. पाया कोणत्या पाण्यात आहे त्यावर सगळं.

30 जानेवारी

बैठक. फरशांची रक्कम अर्धी केली, बाक ठेवले (लोकप्रतिनिधींचा आग्रह), खांबांचं काम वाढलं. एका अधिकाऱ्यांनी नवीच सूचना केली: जेटीखालची जागा दगडांनी भरून सरळ भरीव धक्काच करा, म्हणजे पाइलची कटकट नको.

भरीव धक्का वाईट नसतो. मुंबईत अलेक्झांड्रा डॉक खणून निघालेल्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. बॅलार्ड पिअरवर एके काळी विलायतेची बोट लागायची आणि उतारू तिथूनच पंजाबकडच्या गाडीत बसायचे. अशा वजनासाठी भरीवच हवा. पण तिथे गाळ काढणारी मोठी यंत्रणा कायम राबते. आमच्या खाडीच्या मुखाशी किनाऱ्याने वाळू सरकते. तिच्या वाटेत भरीव बांध घातला की एका अंगाला पुळण वाढेल, दुसऱ्या अंगाला काठ खचेल आणि होड्यांची वाट गाळाने भरेल. पाइलमधून पाणीही जातं, वाळूही जाते. तांडेल काका बैठकीत मागे उभे होते. त्यांनी नकाशा न बघता वाळू कुठे बसेल ती जागा बोटाने दाखवली. सूचना मागे पडली.

12 फेब्रुवारी

माघ शुद्ध तृतीया. पहिलं जॅकेट भरलं. क्रम लिहून ठेवते, पुढच्यांना उपयोगी पडेल.

आदल्या ओहोट्यांना सैल काँक्रीट काढलं, सळीच्या मागे बोट जाईल इतकं. वरवर खरवडून सळीचा पुढचा भाग तेवढा चकचकीत केला तर मागचा गंज तसाच राहतो. गंज घासला, जिथे सळी बरीच झिजली होती तिथे नवी जोडली, जस्ताचे ॲनोड बांधले, गोड्या पाण्याने धुतलं. आज दोन फाकांचं स्टीलचं शटरिंग (साचा) पाइलभोवती आवळलं, तळाशी रबराची पट्टी. मायक्रो-काँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट) वरून ओतायचं नाही. नळी तळापर्यंत नेऊन खालून वर भरत आणायचं, म्हणजे आत शिरलेलं पाणी वर ढकललं जातं आणि सिमेंट धुपत नाही. भरती शटरिंगला लागायच्या आत भरून झालं पाहिजे. झालं.

क्युरिंगला (नवं काँक्रीट ओलं ठेवायला) मुकादमाने खाडीचं पाणी घ्यायला सुरुवात केली, ती थांबवली. ज्या मिठासाठी एवढा खटाटोप, ते आपल्याच हाताने आत घालायचं? गोड्या पाण्याचा टँकर लावला. गावात टंचाई सुरू झालेली, त्यामुळे लोक बघतात. त्यांचं बघणं रास्त आहे. गोणपाट आणि प्लास्टिक गुंडाळून पाणी निम्म्यावर आणलं.

20 फेब्रुवारी

फेंडर, म्हणजे होडीचा धक्का झेलणाऱ्या गाद्या. जेटीला जुने ट्रकचे टायर साखळीने टांगलेत. निम्मे गळालेत, तिथे ट्रॉलर थेट पाइलवर टेकतो. होडीचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, म्हणून नाखवा हळू लावतो तेव्हा काही होत नाही आणि घाईच्या एका दिवशी पाइलला तडा जातो. नव्या रबरी फेंडरांची रांग मंजूर झाली. भरतीच्या आणि ओहोटीच्या दोन्ही पातळ्यांना होडीचा काठ त्यांच्यावरच टेकेल इतके ते उभे लांब घेतले. दोरी बांधायचे खुंट डेकच्या पातळ स्लॅबवर होते, ते तिरप्या पाइलच्या माथ्यावर सरकवले. आडवा ओढा तेच पेलतात.

12 मार्च

फाल्गुन शुद्ध द्वितीया. विषुवदिन जवळ, वर्षातली मोठी उधाणं. पाणी इतकं उतरलं की आजवर न दिसलेला भागही बघता आला. तिथे जॅकेटची गरज नाही हे नक्की झालं. जॅकेटची लांबी खालच्या बाजूला कमी केली, वाचलेला माल कडेच्या, सर्वांत वाईट पाइलांना.

24 मार्च

शिमगा. काम बंद. पालखी जेटीवरही आली.

10 एप्रिल

पुलाच्या दोन खांबांभोवती दगडांचा थर टाकून झाला. 40 किलोच्या आतला धोंडा घेऊ नका असं सांगूनही एका गाडीत खडी-रेतीच आली, परत पाठवली. हलका दगड पहिल्या पुराला वाहून जातो. थर पसरट ठेवलाय. पाणी कडेने खणायला लागलं की धोंडे आपोआप त्या खड्ड्यात घसरतात आणि उतार झाकतात. खांबांच्या आत चुन्याचं ग्राउटिंग केलं, म्हणजे पोकळ्यांत पातळ चुना भरला. सिमेंटचं सुचवलं होतं, पण गोदामातून शिकलेलं पुलावर विसरायचं कशाला.

वाळू काढणाऱ्या होड्यांबद्दल तहसीलला पत्र दिलंय. पुलाच्या खालच्या अंगाला कोणी तळ खणला की वरच्या अंगाचा तळही खाली येतो, मग आमचे धोंडे कितीही जड असोत.

11 मे

जेटीची सगळी जॅकेटं पूर्ण. गोदामाचा टोकाचा खांब पुस्त्यासकट उभा, टेकू काढल्यावर कमानीत केसाएवढीही भेग नाही. चुन्याचा गिलावा अजून ओला आहे, रंगारी रोज येऊन विचारतो.

27 मे

हस्तांतर. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, त्याआधी जेटी मोकळी करून दिली.

कागदांत एक गोष्ट आग्रहाने घातली. सांगलीला आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी अख्खं शहर पावसाळाभर फुटांत बोलतं: 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि 2019 च्या पुरात ती 57 च्याही वर गेली. आमच्या पुलाच्या मधल्या खांबावर तशाच फुटांच्या रेघा रंगवून घेतल्या. पण पातळीइतकाच तळ महत्त्वाचा, म्हणून कठड्यावर त्याच दोन खांबांच्या वर खुणा केल्या आहेत. पूर असताना तिथून शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची, तळाला लागली की गाठी मोजायच्या, वेळ आणि आकडा वहीत लिहायचा. ग्रामपंचायतीचा एक मुलगा आणि तांडेल काका, दोघांना करून दाखवलं. धोंड्यांच्या माथ्याच्या खाली दोरी गेली तर पुलावरची वाहतूक बंद करून आधी तहसीलला फोन, मग मला. दोरीला लाल फडकं कोणत्या गाठीला बांधायचं ते ठरलंय. वही गोदामात, पहिल्या दाराच्या आत खिळ्याला टांगली आहे.